किचन-बाथरूम नव्यानं करताय? आधी भिंतीच्या आतलं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर २२ वर्षांचं. किचन आणि दोन्ही बाथरूम एकदमच नवी करायची आहेत, पैसे मोजके. ठेकेदार म्हणतोय, "फोडाफोडी कशाला? जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू, आठ दिवसांत मोकळे." घरच्यांना मोठ्या गुळगुळीत टाइल्स, भिंतीत लपवलेले नळ आणि हँडल नसलेली कपाटं हवी आहेत. तर खर्च कुठे करायचा, कुठे हात आखडायचा आणि माणसं नेमकी कुठे फसतात?

मी २४ वर्षं हेच काम करतेय. त्यातली पहिली चार वर्षं एका प्लंबिंगच्या ठेकेदाराकडे हिशेब लिहीत होते. दुरुस्तीच्या नोंदी माझ्याकडे यायच्या आणि त्यात एक गोष्ट कायम दिसायची: ज्या वस्तूसाठी भिंत फोडली ती अगदी किरकोळ असायची. नीट न चिकटवलेला एखादा एल्बो (पाइपच्या वळणाचा तुकडा), कुजलेलं वॉशर, खिळा घुसलेला पाइप. फोडलेली भिंत, आठवडाभर बंद पडलेलं बाथरूम आणि आता बाजारात न मिळणारी टाइल, हे मात्र किरकोळ नसायचं. तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. जे नंतर पान्यानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं बदलता येईल तिथे खुशाल काटकसर करा. जे बदलायला छिन्नी-हातोडी लागेल तिथे करू नका. शॉवर, आरसा, दिवे, बेसिन, कपाटांची शटरं पहिल्या गटात. पाइप, वायर, वॉटरप्रूफिंग, उतार, ट्रॅप (सांडपाण्याच्या वाटेतला, पाणी धरून ठेवणारा भाग) दुसऱ्या गटात. लोक बरोबर उलटं करतात, कारण पहिला गट दुकानात झगमगत असतो आणि दुसरा कुणी पाहुणा बघायला येत नाही.

आता तुमच्या ठेकेदाराच्या बोलण्यावर येते. टाइलवर टाइल मी स्वतः बसवली आहे, त्यामुळे सरसकट वाईट म्हणणार नाही. कोरड्या भिंतीवर, जुनी टाइल घट्ट असेल तर चालतं. घट्ट आहे का हे बघायला नाण्यानं किंवा छिन्नीच्या मुठीनं एकेक टाइल ठोकायची. भरीव असेल तर आवाज आखूड आणि बसका येतो, पोकळ असेल तर मडक्यासारखी बोलते. दहातल्या दोन-तीन बोलायला लागल्या की विषय संपला. बोलल्या नाहीत, तर जुना चकचकीतपणा ग्राइंडरनं घालवायचा आणि ज्याच्या पोत्यावर 'टाइलवर टाइल' असं स्पष्ट लिहिलंय तेच अ‍ॅडहेसिव्ह वापरायचं. १० मिलिमीटर जाडीची विट्रिफाइड टाइल चौरस मीटरला २० ते २५ किलो भरते, आणि ते सगळं वजन जुन्या टाइलच्या पकडीवर लटकणार असतं.

बाथरूमच्या जमिनीवर मात्र मी हे करत नाही. खालचं वॉटरप्रूफिंग २२ वर्षांचं झालंय. ते आज गळत नसेलही, पण तुम्ही नव्या टाइल्स पुढच्या वीस वर्षांसाठी बसवताय आणि तो थर तुमच्याबरोबर तेवढा चालणार नाही. शिवाय जमीन १५ मिलिमीटरनं वर येते. बाथरूमची पातळी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली ठेवतात ती उगाच नाही. ट्रॅप तुंबला तर पाणी आतच राहावं म्हणून ती पायरी असते. ती बुजली की पहिल्याच तुंबण्याला पाणी पलंगाखाली. दार खाली घासतं, पाणी जायची जाळी खड्ड्यात बसते, आणि मूळ भिंतीतले पाइप तसेच्या तसे राहतात. ते लोखंडी असतील तर आतून गंज चढून भोक बारीक झालेलं असतं. कापून काढलेला असा एक तुकडा मी गाडीत ठेवला आहे. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून पेन्सिल कशीबशी जाते. "पाण्याला जोर नाही, मोठा शॉवर बसवा" असं कुणी म्हटलं की तो तुकडा मी त्यांच्या हातात देते.

थोडक्यात, जमीन फोडा. आणि "आठ दिवस" हे डोक्यातून काढून टाका. थर वाळायचे, पाणी साठवायचं, टाइल्सनी धरायचं, असे मधले रिकामे दिवस मोजले तर एका बाथरूमला तीन आठवडे सहज जातात. त्या रिकाम्या दिवसांत साइटवर कुणीच दिसत नाही आणि घरच्यांना वाटतं ठेकेदार पळाला. कामातले सगळ्यात महत्त्वाचे दिवस तेच.

फोडून झालं की प्लंबर नवे पाइप टाकतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर, हे प्लास्टिकचे दोन्ही पाइप चांगले. भांडण पाइपच्या जातीवर नसतं, सांध्यांवर असतं. म्हणून प्लास्टर करण्याआधी सगळी तोंडं प्लग लावून बंद करायची, हातपंपानं घरातल्या नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब भरायचा आणि गेजकडे बघत बसण्याऐवजी रात्रभर सोडून द्यायचं. चिकटवलेले सांधे आधी पुरते वाळू द्यायचे, त्याच संध्याकाळी दाब भरण्यात अर्थ नाही. सकाळी काटा थोडा खाली आलेला असतो, कारण रात्री पाइप गार होतात. तो एका जागी थांबलाय की घसरतच चाललाय हे बघायचं. घसरत असेल तर कुठेतरी सांधा सुटलाय आणि तो आज सापडला तर फक्त प्लंबरचा अर्धा दिवस जाईल.

दाब टिकला की भिंतीचे फोटो काढा. नुसते नाही, मेजर टेप भिंतीला लावून, एकदा आडवी आणि एकदा उभी, कोपरा दिसेल असे. दोन वर्षांनी टॉवेलच्या दांड्यासाठी ड्रिल मारणारा माणूस येईल तेव्हा पाइप कुठे आहे हे त्या फोटोशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या फोनमध्ये माणसांपेक्षा भिंतींचे फोटो जास्त आहेत, यावरून घरात चेष्टा होते.

वॉटरप्रूफिंग म्हणजे बादलीतलं रसायन ब्रशनं फासणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मधल्या सपाट जागेतून पाणी क्वचितच जातं. जातं ते जमीन आणि भिंत भेटतात त्या कोपऱ्यातून, पाइप जिथून स्लॅब पार करतो तिथून आणि ट्रॅपच्या गळ्यातून. म्हणून कोपऱ्यात आधी वाटा मारायचा, म्हणजे सिमेंटनं कोपरा गोलसर करायचा, त्यावर कापडासारख्या जाळीची पट्टी बसवायची आणि मग रसायनाचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, मध्ये पूर्ण वाळू देऊन. सगळ्या भिंतींवर किमान ३० सेंटिमीटर आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या वरपर्यंत. उंबऱ्याखालचा भाग हमखास विसरला जातो. पाणी मग टाइलखालून सरकत बाहेरच्या खोलीत जातं, दाराची चौकट खालून काळी पडते, आणि लोक वाळवीचं औषध मारत बसतात.

आणि मग पाणी साठवायचं. ट्रॅपचं तोंड प्लगनं बंद करून, उंबऱ्यावर तात्पुरता बांध घालून सगळ्या जमिनीवर दोन बोटं पाणी. भिंतीवर पाण्याच्या कडेला खडूची रेघ. २४ तास तर हवेतच, मी दोन रात्री ठेवते आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघते.

एका कामात संध्याकाळी सहाला रेघ मारली आणि सकाळी पाणी रेघेच्या खाली बोटाच्या पेराएवढं गेलेलं. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, कोबा पाणी पितोय. वाफही होते." वाफ होते हे खरं, पण बंद खोलीत एका रात्रीत फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर. पेराएवढी नाही. आणि रसायनाचा थर वर असताना खालचा कोबा पाणी पीत असेल तर थर फुटलाच आहे की! टाइल्सचा टेम्पो खाली उभा, हमाल वर यायच्या तयारीत. पाणी उपसलं, जमीन कापडानं पुसली आणि पंखा लावून बसलो. तासाभरात सगळी जमीन फिकी पडली, ट्रॅपभोवती मात्र हातभर रुंद काळसर कडं तसंच राहिलं. ट्रॅपचा गळा आणि कोबा यांच्यात नखही जाणार नाही एवढी फट होती. भोवतीचं वीतभर खणलं, आकसत नाही असा ग्राउट भरला, पट्टी लावून परत दोन हात दिले आणि परत दोन रात्री पाणी. एकूण पाच दिवस गेले. गिऱ्हाईक माझ्याशी त्या पाच दिवसांत नीट बोललं नाही. माझी त्याला हरकत नव्हती.

उतार हा पुढचा मुद्दा, आणि इथे घरच्यांच्या मोठ्या टाइल्सचा संबंध येतो. दर मीटरला १० ते २० मिलिमीटर उतार लागतो, शॉवरखाली २० च्या जवळ. जाळी मधोमध किंवा कोपऱ्यात एका ठिकाणी असेल तर जमिनीला चारी बाजूंनी तिच्याकडे उतरावं लागतं. लहान टाइल तसं वळण घेते. दोन फुटांची टाइल घेत नाही, तिला पाकिटाच्या घडीसारखे तिरपे छेद द्यावे लागतात, नाहीतर कोपरे वर राहतात आणि पायाला लागतात. मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांब पट्टीची जाळी घ्या. मग सगळी जमीन एकाच बाजूला उतरते आणि टाइल अख्खी बसते. टाइल लावण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. डबकं राहिलं तर ते टाइलखाली लपत नाही, टाइलवर येतं.

गुळगुळीत टाइल बाथरूमच्या जमिनीवर नको, यावर माझं कुणाशी जमत नाही आणि जमवायचंही नाही. टाइलच्या माहितीपत्रकात घसरण्याचा दर्जा आर ९, आर १० असा दिलेला असतो. आकडा वाढला की पकड वाढते. मी ओल्या जागी १० च्या खाली जात नाही. अनवाणी चालण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते. ती दिली असेल तर शॉवरखाली बी किंवा सी. दुकानात नमुना जमिनीवर ठेवायचा, त्यावर पाणी ओतायचं आणि चप्पल काढून उभं राहायचं. दुकानदार हसतो, हसू दे. चकचकीत टाइलची हौस भिंतीवर भागवा.

विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्धा टक्काही नाही. म्हणूनच ती साध्या सिमेंटच्या कालवणाला धरत नाही. जुने कारागीर टाइलच्या पाठीवर मध्ये सिमेंटचा एक गोळा ठेवून थापतात, चारी कोपरे पोकळ राहतात, आणि वर्षभरात एखादी बाटली पडली की कोपरा उडतो. दातेरी थापीनं अ‍ॅडहेसिव्ह पसरायचं, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. सुरुवातीच्या दोन-तीन टाइल्स बसवल्यावर एक उचलून पाठ बघा, सगळीकडे लागलंय का. उचलायला लावलं म्हणून कारागीर चिडतो, पण पुढच्या शंभर टाइल्स नीट लावतो. दोन टाइल्समध्ये किमान दोन मिलिमीटर फट हवी, बिनसांध्याची टाइल ही फक्त जाहिरातीत असते. पेट्यांवरचा लॉट नंबर आणि शेड एकच आहे हे उतरवून घेतानाच बघा आणि तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त घ्या.

टाइल्समधल्या फटींत भरायच्या ग्राउटबद्दल एकच. शॉवरच्या जागी इपॉक्सी, म्हणजे राळेचा ग्राउट, वापरा. आणि भिंत-जमीन, भिंत-भिंत अशा कोपऱ्यांत ग्राउट नको, सिलिकॉन हवं. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउट तिथे तडकतोच.

भिंतीत लपवलेले नळ. दिसतात छान, मीही बसवते. त्यांचा पितळी गाभा भिंतीत जातो आणि त्यावरच्या प्लास्टिकच्या टोपीवर दोन रेघा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. पूर्ण झालेल्या टाइलचा पृष्ठभाग या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा. पूर्ण झालेल्या टाइलचा, विटेचा नाही. माझी स्वतःची चूक सांगते. टाइल १० मिलिमीटर आणि अ‍ॅडहेसिव्ह पाच असा हिशेब धरून मी गाभा बसवून घेतला. भिंत ओळंब्यात नव्हती. कारागिरानं ती सरळ करायला त्या टोकाला जाड प्लास्टर चढवलं आणि गाभा जास्तीच्या रेघेच्याही आत बुडाला. मूठ बसेना. वाढीव तुकडा त्या मॉडेलला मिळत नव्हता. शेवटी चार टाइल्स काढल्या, माझ्या खर्चानं. तेव्हापासून ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का) आणि गुण्या (कोपरा काटकोनात आहे का) आधी, गाभा नंतर. आणि लपवलेला नळ घेताना आतला काडतुसासारखा भाग, ज्याला कार्ट्रिज म्हणतात, तो समोरून काढता येतो का आणि सुटा मिळतो का हे विचारा. चकाकी सगळ्यांनाच असते.

कमोडचंही असंच. जमिनीत जाणाऱ्या पाइपचं अंतर टाइल लावलेल्या भिंतीपासून मोजतात. कच्च्या भिंतीपासून मोजलं तर टाइल आणि प्लास्टरची जाडी खाऊन जाते आणि टाकी भिंतीला टेकते. आधी कमोड विकत घ्या, मग पाइप टाका. भिंतीतली टाकी हवी असेल तर तिची दुरुस्ती फ्लशच्या पट्टीमागूनच करायची असते, म्हणून ती पट्टी कपाटानं किंवा फळीनं झाकू नका.

ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं, ते गटाराचा वास अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम बरेच आठवडे बंद राहिलं की ते पाणी वाळतं आणि वास येतो. लोक फिनेल ओततात, लागतो फक्त एक तांब्या पाणी. बेसिनखाली घड्यांचा लवचिक पाइप वाकवून ट्रॅप केलेला असेल तर तो काढा. त्याच्या घड्यांत केस आणि साबण साचतो.

वीज. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. त्याला पॅनेलपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लागतो, दिव्याच्या लाइनवरून ओढलेला फाटा नाही. आणि बाथरूमच्या सगळ्या लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीखाली, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचखाली. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून कुणी त्याला बूच मारलं असेल तर ते आजच काढा. व्हॉल्व्ह दाब सोडतोय, ते त्याचं कामच आहे. गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये नको, कितीही सोयीचा वाटला तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि आतल्या माणसाला कळेपर्यंत हातापायातलं बळ गेलेलं असतं.

एक्झॉस्ट फॅनला बाहेरून हवा मिळाली तरच तो आतली हवा फेकतो, म्हणून दाराखाली एक-दीड सेंटिमीटर फट ठेवा. अंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालू राहील असा टायमर लावला तर छतावरची काळी बुरशी बरीच टळते. घरात वयस्कर कोणी असो-नसो, कमोड आणि शॉवरजवळच्या भिंती आत्ताच भरीव करून ठेवा, दांडा पुढे कधीही लावता येईल. जागा असेल तर दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला तर तो दारालाच अडून पडतो आणि आत उघडणारं दार मग उघडत नाही.

आता किचन. इथे पाणी कमी छळतं आणि सेंटिमीटर जास्त. ओट्याची उंची कुणी ८५ सांगतं, कुणी ९०. तुम्ही घरातल्या चपला घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा, ती तुमची उंची. सिंकचा तळ ओट्याच्या खाली वीतभर असतो, म्हणून तिथे थोडं उंच बरं. शेगडीवर भांड्याचीच उंची वाढते, म्हणून तिथे थोडं खाली चालतं. घरात दोघांच्या उंचीत हातभर फरक असेल तर जास्त वेळ उभं राहणाऱ्याचं माप घ्या. हा निर्णय दुकानातल्या डिझाइनरवर सोडला की ठरलेल्या मापाचा साचाच येतो.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण ही कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मांडली गेली: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर, तिन्हींची बेरीज ४ ते ८ मीटरच्या आत. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या घरांसाठी पावलं मोजून जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं होतं. त्रिकोणाचा फार बाऊ करू नका, पण सिंक आणि शेगडीच्या मध्ये किमान ६० ते ९० सेंटिमीटर मोकळा ओटा ठेवाच. खरं काम तिथेच होतं. मिक्सर, बरणी, ताटाळं ठेवून हीच जागा सगळ्यात आधी खाल्ली जाते. समोरासमोर ओटे असतील तर मधली वाट एक मीटरच्या खाली नको, दोघं वावरत असाल तर १.२ मीटर.

खालच्या कपाटांत फळ्या नकोत, पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर हवेत. फळीवरच्या मागच्या भांड्यासाठी गुडघ्यावर बसून पुढची दहा काढावी लागतात. पैसे शटरच्या फिनिशवर कमी आणि चॅनल-बिजागऱ्यांवर जास्त घाला. सिंकखालचं कपाट मात्र वेगळंच धरा. तिथे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, कधीच नको. एक थेंब रोज पडत राहिला तर तो फुगून पावासारखा होतो. उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेला प्लाय घ्या, कापलेल्या प्रत्येक कडेला, पाइपसाठी पाडलेल्या भोकालासुद्धा, सील करून घ्या. कपाटं पायांवर उभी असू द्या आणि खालची पट्टी काढता येणारी ठेवा. सांडलेलं पाणी पुसता येतं, हरवलेला चमचाही सापडतो.

हँडल नसलेली कपाटं म्हणजे दोन प्रकार. कडेला खाच असलेली चालतात, खाच पुसत राहावी लागते एवढंच. ढकलून उघडणारी मात्र खालच्या बाजूला नको, ओट्याला टेकून उभं राहिलं तरी गुडघा लागून ड्रॉवर उघडतो.

ओट्याला ग्रॅनाइट निवांत. संगमरवर आंबट काही सांडलं की डागाळतो, कारण तो चुन्याचाच दगड आहे. क्वार्ट्झच्या पाट्यात राळ असते, त्यावर गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवायचं नाही. क्वार्ट्झ घरात कापू देऊ नका. कोरडा कापला की त्याची धूळ कारागिराच्या फुफ्फुसात जाते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली, ती याच कारणानं. दगड कुठलाही असो, पुढच्या कडेच्या पोटाला एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळणारं पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडतं, शटरवर जात नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण दगड बसल्यावर करता येत नाही.

उपकरणं कपाटांच्या आधी ठरवा. मला भेटलेल्या चुका अशा: भिंतीला चिकटून ठेवलेला फ्रिज, ज्याचं दार काटकोनात उघडतं पण आतले ड्रॉवर बाहेर येत नाहीत. खिडकीसमोरचा उंच नळ, ज्याच्यामुळे आत उघडणारं तावदान उघडत नाही. डिशवॉशरच्या नेमका मागे बसवलेला सॉकेट, जो मशीन ओढल्याशिवाय हाताला लागत नाही. सॉकेट शेजारच्या कपाटात हवा. चिमणीचा पाइप बाहेर जायलाच हवा, वळणं शक्य तेवढी कमी. हवा आतच फिरवणारी चिमणी तेलकटपणा आणि थोडा वास धरते, वाफ तिथेच राहते. आणि दिवा तुमच्या पाठीमागे छताला असेल तर कामावर तुमचीच सावली पडते. वरच्या कपाटांच्या पोटाला, पुढच्या कडेजवळ पट्टी लावा.

ठेकेदाराशी बोलताना पैशाचे टप्पे दिवसांवर बांधू नका, चाचण्यांवर बांधा: पाइपचा दाब टिकला की एक, पाणी साठवून उतरलं नाही की दुसरा, टाइल्स ठोकून बघितल्यावर पोकळ निघाल्या नाहीत की तिसरा. शेवटचा दहावा हिस्सा महिनाभर वापरल्यानंतर, आणि हे आधी लिहून. स्वतःकडे १५ टक्के राखून ठेवा. २२ वर्षांच्या घरात फोडल्यावर काहीतरी निघतंच.

दोन्ही बाथरूम एकदम काढू नका. कमी वापरातलं आधी घ्या. त्यात कारागिराचा हात कळतो आणि तो पटला नाही तर दुसऱ्या बाथरूमला माणूस बदलता येतो. किचन शेवटी, कारण कपाटं बनायला लागणारे आठवडे बाथरूमच्या कामात निघून जातात. मापं मात्र प्लास्टर झाल्यावर परत घ्यायला लावा. उरलेल्या टाइल्सची एक पेटी लॉट नंबरासकट माळ्यावर ठेवा, आणि भिंतींचे ते फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या.